फुंकर आधी, फडकं मग

माझ्या घरात हॉलच्या भिंतीवर कबड्डीचा एक मोठा फोटो आहे. चढाई करणारा गडी हवेत आडवा झालाय, दोघं त्याच्या पायांना लोंबकळतायत, आणि त्याच्या छातीखाली चौकड्यांच्या शर्टातला एक म्हातारा माणूस पाठ फिरवून, अंगाची जुडी करून बसलाय. येणारा-जाणारा पहिलं बोट त्या म्हाताऱ्यावर ठेवतो. "हा कोण? चक्कर आली का याला?" आमच्या सासूबाईंनी तर "पोटात कळ आली असेल बिचाऱ्याच्या" असं निदानही करून टाकलं.

चक्कर नाही आणि कळ नाही. ते आमचे पंचूकाका. पूर्ण नाव पंचापकेश राव. चेन्नईतल्या ज्या इंग्रजी दैनिकात मी फोटोग्राफर म्हणून लागले, तिथले खेळाचे फोटोग्राफर. काका आता नाहीत. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण त्यांच्या चेहऱ्याचा एक धड फोटो माझ्याकडे नाही. आहे ती ही पाठ. फोटोग्राफर बाईनं हे सांगायचं म्हणजे सोनारणीनं लंकेची पार्वती असावं, तसंच आहे. पण त्याला कारण आहे, ते ओघात येईल.

मी सांगलीची. चेन्नईत आले तेव्हा तमिळ येत नव्हतं, इंग्रजी बोलताना घाम फुटायचा, आणि घाम तर तिथे नुसतं उभं राहिलं तरी फुटतो. पहिल्याच आठवड्यात मला एग्मोरला हॉकीच्या मॅचला पाठवलं. मी आपली ऐटीत गोलपोस्टच्या मागे जाऊन, जाळीला लेन्स टेकवून बसले. म्हटलं, चेंडू आत आला की अस्सा फोटो मिळेल! तेवढ्यात मागून आवाज आला, "काय गो अम्मा, तुज मरायचें आहे कीं लेन्सला मारायचें आहे?"

मी दचकले. परक्या मुलखात मराठी, आणि तेही असलं! वळून पाहते तर चौकड्यांचा शर्ट, टक्कल, कपाळावर गंधाची बारीक रेघ आणि गळ्यात दोन कॅमेरे. मला वाटलं, हा माणूस संगीत नाटकातून उठून थेट इथे आलाय. नंतर कळलं, काकांचे पूर्वज मराठे राजांबरोबर तंजावरला गेले आणि तिथेच राहिले. मराठी त्यांनी घरात जपली. आम्ही इकडे तिला इस्त्री करत बसलो, त्यांनी ती घडी घालून ठेवली. मात्र त्या घडीत सांबाराचा वास होता. काका मराठी बोलायचे, पण सूर तमिळ. वाक्याच्या शेवटी आवाज असा वर जायचा, की साधं "बैस" म्हटलं तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटावं.

"जाळी आहे ना पुढे," मी म्हटलं.

"जाळी चेंडूला थांबवते, पण आपण मागे येते. तिला टेकून बसलीस तर चेंडू जाळीसकट तुझ्या लेन्सवर. ऊठ. तेथें बैस." आणि त्यांनी मला कोपऱ्याकडे नेऊन बसवलं. मॅचच्या आधी मैदानावर पाण्याचे फवारे सोडतात, त्याचे थेंब वाऱ्यावर आले. मी झटकन ओढणीनं लेन्स पुसायला गेले, तशी त्यांनी माझ्या हातावर चक्क चापटी मारली. "अय्यो! ओढणी? तिच्यांत सगळ्या बसची धूळ आहे. फुंकर आधीं, फडकें मग!"

ही त्यांची आरती. दिवसातून कितीदा म्हणायचे, देव जाणे. खिशात रबरी फुगा असायचा, दाबला की फुस्स करून हवा सोडणारा. तो स्वतःचा, ऑफिसचा नव्हे. काचेवर काहीही पडो, आधी फुस्स, कण उडाला का बघायचं, आणि मग फडकं. फडकं म्हणजे काकांच्या जुन्या वेष्टीचे तुकडे. तिकडे धोतराला वेष्टी म्हणतात. धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले ते तुकडे डब्यात घालून काका बरोबर आणायचे. आम्हा सगळ्यांना वाटायचेही, प्रसादासारखे. दुकानात मिळणारी भारी फडकी आणलीत तर बघायचेही नाहीत.

लेन्स जपण्याचं त्यांना वेडच होतं. मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर व्हॉलीबॉल असला की लेन्सच्या तोंडावर साधी जादा काच चढवायची, वाळू तिच्यावर बसू दे. खारा वारा लागला की घरी जाऊन आधी ओलं फडकं, मग कोरडं. बॉक्सिंगला रिंगच्या कोपऱ्यात बसायचं नाही, तिथे खेळाडूच्या डोक्यावर पाणी ओततात. लेन्सपुढचं टोपण, म्हणजे ते काळं नरसाळं, कधी उलटं लावायचं नाही. "छत्री उलटी धरून पावसांत जातेस काय?" बुरशी लागू नये म्हणून घरी घट्ट झाकणाचे डबे. आमच्या ऑफिसात म्हणायचे, राव घरी आग लागली तर आधी लेन्स बाहेर काढतील आणि मग बायकोला हाक मारतील.

आणि गाडीतला एसी! चेन्नईचा एप्रिल म्हणजे काय, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. ऑफिसची गाडी, आत आम्ही दोघं, पुढे आमचा क्रीडा वार्ताहर, टाय लावलेला. तो एसी लावी, काका बंद करवीत आणि काचा खाली. तो बिचारा इंग्रजीतून कळवळायचा, "राव, मी मरेन." काका शांतपणे म्हणायचे, "तुझी पेन्सिल गारठत नाहीं. माझी काच गारठते. बाहेर काढली कीं तिजवर दंव धरतें आणि पहिला गोल दंवांत जातो." एकदा त्यानं हट्टानं एसी लावला. स्टेडियमवर उतरलो आणि आमच्या लेन्सा अशा धुकाटल्या की समोर खेळाडू आहेत का भुतं आहेत कळेना. काकांनी नुसती लेन्स उचलून त्याच्या डोळ्यांपुढे धरली. त्या दिवसापासून वार्ताहर टाय गाडीतच काढून ठेवायला लागला.

काकांचं घर वेलचेरीत, संगणकवाल्या पोरांच्या उंच इमारतींच्या मधोमध एका जुन्या अपार्टमेंटमध्ये. काकू, म्हणजे रुक्माकाकू, भारी गोड बाई. नवरात्रात नवमीला तिकडे आयुधपूजा असते. ज्याचं जे हत्यार, ते त्या दिवशी देवापुढे पाटावर ठेवायचं, गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. रिक्षावाला रिक्षा पुजतो, शिंपी मशीन पुजतो, आणि आमचे काका कॅमेरा. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला काकूंनी काय करावं? सगळ्यांत मोठी लेन्स दिसली, तिच्या बरोबर मधोमध, काचेवर, चंदनाचा टिळा लावला. वर कुंकू. देव म्हटला की कपाळ आलं, आणि लेन्सचं कपाळ कुठलं, तर ती काच!

काकूच हा किस्सा सांगायच्या, हसून हसून डोळ्यांत पाणी आणून. "मज काय ठाऊक गो? हे ओरडले नाहींत. आयुध ना, हात लावायचा नाहीं! रात्रभर त्या लेन्सपुढें बसून राहिले, चंदन वाळतांना बघत. मी म्हटलें, देवापुढें बसलेत, किती भक्ती!"

"भक्ती!" काका कपाळावर हात मारायचे.

पुढच्या वर्षीपासून काका नवमीच्या सकाळी लेन्सवर ती साधी काच चढवायचे आणि मग काकूंना म्हणायचे, "आतां लाव. देव त्या काचेवर, मी ह्या काचेंत." दोघांचंही समाधान.

मला शिकवताना मात्र माणूस कसाई होता. मी कबड्डीच्या गावची, म्हणजे माझी समजूत अशी की कबड्डी मला काय शिकवणार हे तंजावरी! पहिल्याच सामन्याला मॅटच्या कडेला चिकटून बसले. एक गडी लाथा झाडत माझ्याकडे यायला लागला आणि मी आपली फोटोवर फोटो. मागून बॉम्ब फुटल्यासारखा आवाज, "पोटांत घे! पोटांत घे गो!" आणि काकांनी खांद्याला धरून मला गर्रकन फिरवलं. कॅमेरा पोटाशी, पाठ मैदानाकडे. तो गडी येऊन माझ्या पाठीवर आदळला, माझ्या तोंडून "आई गं" निघालं. लेन्सला ओरखडा नाही.

मी चिडले. "काका, काय फोटो होता तो! सोडला ना तुमच्यामुळे."

"लेन्स कोणाची?" एवढंच विचारलं. लेन्स ऑफिसची, आणि मी नवी. पुढे सवयच लागली. खेळाडू अंगावर आला की विचार न करता कॅमेरा पोटात आणि पाठ बाहेर. दुसऱ्या पेपरांची पोरं आम्हाला हसायची. राव आणि त्यांची शिष्या, म्हणायची, दोन कासवं आहेत.

आता त्यांच्या मनातलं एक सांगते. काकांना पहिलं पान हवं होतं. आयुष्यभर खेळाचे फोटो काढले, सगळे मागच्या पानांवर. कधी एखादा मोठा विजय पहिल्या पानावर गेला तर फोटो बाहेरच्या एजन्सीचा. बोलून दाखवायचे नाहीत, पण सकाळी पेपर हातात आला की आम्ही खेळाची सगळी माणसं तो मागून उघडायचो आणि काका पुढून. एका क्षणात घडी घालून ठेवून द्यायचे. निवृत्ती जवळ आली तसं एकदा कॉफी पिता पिता म्हणाले, "एक वेळ पहिल्या पानावर माझें नांव पाहिलें असतें, तर पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. एवढंच मागून पुरे म्हणणारा माणूस, त्याला एवढंही मिळू नये?

आणि योग आला. काकांच्या निवृत्तीच्या महिन्यातच चेन्नईत कबड्डीची फायनल, आणि आपला तमिळनाडूचा संघ फायनलला. संपादकांनी सांगितलं, जिंकले तर फोटो पहिल्या पानावर. आम्ही दोघंही गेलो. काका त्या दिवशी नवा शर्ट घालून आले होते. चौकड्यांचाच, पण नवा. दर वेळी जवळची जागा मला द्यायचे. त्या दिवशी आपण होऊन म्हणाले, "अम्मा, आज जवळची जागा माझी. तूं त्या टोकाला बैस, लांबची लेन्स घेऊन." मला इतका आनंद झाला! म्हटलं, चला, एकदा तरी स्वतःसाठी काही मागितलं या माणसानं.

काकांनी जागा अशी निवडली की काय सांगू. मधल्या रेषेच्या टोकाला, मॅटच्या अगदी कडेला. आमचा जो हुकमी चढाईपटू होता तो सुटून परत येताना नेहमी त्याच बाजूनं येतो, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. झालंही तस्संच. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. त्यानं एकाला हात लावला, तिघं त्याच्यावर पडले, दोघांनी पाय धरले. तो फरपटत फरपटत रेषेकडे आला, झेपावला, हात रेषेवर टेकला, आणि त्याच वेगात कडेबाहेर फेकला गेला. सरळ काकांवर.

मी दुसऱ्या टोकावरून बघत होते. त्या पोराचा चेहरा, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, हात रेषेवर, सगळं काकांच्या लेन्सपुढे आलं होतं. बोट बटणावर होतं, नुसतं दाबायचं. मी मनात ओरडले, दाबा काका, दाबा! आणि काकांनी कॅमेरा पोटात घेतला. वळले. तो पोरगा धाडकन त्यांच्या पाठीवर आला.

माझं बोट माझ्या बटणावर होतं. ते आपोआप दाबलं गेलं होतं.

स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. मी धावत गेले. काका उठून बसले होते आणि त्या पोराची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे फिरवत होते. डोळे बघितले, नाक बघितलं, दात बघितले. तो पोरगा तमिळमधून विचारत होता, "सर, तुम्हाला लागलं का?" काकांनी त्याच्या गालावर चापट मारली आणि म्हणाले, जा, नाच जा. मग लेन्सकडे बघितलं. म्हणजे आधी पोराचे दात आणि मग लेन्स. मी हे पहिल्यांदाच बघत होते. त्याआधी ती वेळच कधी आली नव्हती.

"काका, का नाही दाबलंत?" मला रडू येत होतं. "पहिलं पान होतं ते!"

"दाबलें असतें तर त्याचा डोळा माझ्या लेन्सच्या टोपणावर आला असता." मग कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत म्हणाले, "एकदां पाहिलें आहे मी. दुसऱ्या एकाची लेन्स होती. एक मुलगी धांवत आली... पुन्हां पाहायचें नाहीं मज."

"मग इतके दिवस तुम्ही आम्हाला लेन्स जपा, लेन्स जपा म्हणून..."

काका हसले. पाठ दुखत होती, तरी हसले. "तुज सांगितलें असतें खेळाडूला जप म्हणून, तर तूं होय होय म्हणाली असतीस आणि आणखी एक फोटो काढली असतीस. लेन्स म्हटलें कीं सगळे बरोबर वळतात."

मी तिथेच मॅटच्या कडेला बसून घेतलं. बाई गं, किती वर्षं मी या माणसाला काचवेडा समजत होते, आणि तो माझ्याकडून माणसं जपून घेत होता.

फोटो माझाच लागला. पहिल्या पानावर, खाली माझं नाव. ऑफिसात म्हणाले, हा मधेच बसलेला म्हातारा कापून टाकू, गडी मोठा दिसेल. मी काकांना फोन केला. काका म्हणाले, "काप. चित्र चांगलें होईल." गुरूचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं नाही. मी ऑफिसात सांगितलं, कापायचा असेल तर फोटोच मागे घेते. पाठीसकट छापून आला. दुसऱ्या दिवशी काका पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "काय गो! सगळ्या मद्रासेला माझी पाठ दाखविलीस. जन्मभर पहिलें पान मागितलें, आणि मिळालें तें हें!" पण पेपर त्यांनी घडी घालून ठेवून दिला नाही. छातीशी धरून नेला.

महिन्याअखेर काका निवृत्त झाले. ऑफिसचे कॅमेरे, लेन्सा, सगळं पुसून-बिसून परत केलं. राहिला तो रबरी फुगा.

त्या वर्षी नवमीला मी लोकल पकडून वेलचेरीला गेले. माझा कॅमेरा पूजेला ठेवायचा होता, आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंच होतं. आज काकांना धरून त्यांच्या चेहऱ्याचा फोटो काढायचाच; रोज समोर असायचे, म्हणून आजवर तो राहूनच गेला होता. दारातून आत शिरते न शिरते तो काकूंनी माझ्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि कॅमेरा थेट पाटावर, मिक्सर, कात्री आणि स्कूटरच्या किल्ल्यांच्या रांगेत.

"काकू, थांबा, आधी एक फोटो..."

"पूजेला बसला," काका म्हणाले. "उद्यां."

उद्या मी दुसऱ्या गावी स्पर्धेला जाणार होते, आणि हिवाळ्यात तर काका गेलेच. तो उद्या आला नाही.

पाटावर एक जागा मोकळी होती. दर वर्षी तिथे काकांची मोठी लेन्स असायची. काकू गंधाची वाटी घेऊन त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या. चेहरा पडला होता. हयातभर हत्यार हाताळलेल्या माणसाच्या घरी नवमीला हत्यार नाही. काका उठले, कपाट उघडलं, आणि तो पेपर आणला. पहिलं पान. तळहातानं सपाट करून पाटावर ठेवलं.

काकू खुलल्या. बोटावर गंध घेतलं आणि फोटोतल्या चौकड्यांच्या शर्टाकडे बोट नेलं. "ह्या पाठीला लावतें."

काकांनी त्यांचं मनगट धरलं. खाली सरकवलं, फोटोच्या अगदी खाली, जिथे बारीक अक्षरात माझं नाव होतं.

"येथें लाव."

"येथें कां?"

"गंध हत्याराला लावतात ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि लावलं. वर कुंकवाची चिमूट. थोडं कुंकू अक्षरांवर सांडलं, नाव झाकलं गेलं. माझ्या डोळ्यांपुढचं सगळं धुकाटलं होतं. कुंकू झटकायला मी ओढणीचं टोक पुढे केलं, तशी हातावर ती जुनी चापटी बसली.

काकांनी खिशातून फुगा काढला, वाकले, आणि माझ्या नावावर हळूच दाबला. फुस्स.